वाचून दाखवलेला कागद

गुळाची पुडी सोडली, तेव्हा गुळाच्या दाट वासाखालून दुसरा एक वास हलकेच वर आला. जळक्या लाखेचा. माघातली दुपार होती. खोलीच्या एकुलत्या खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवरून उतरत चुलीच्या कडेला येऊन टेकलं होतं, आणि त्या उन्हात मी पुडीचा कागद उलगडून धरला. तो एक लिफाफा होता, जाड, मातकट रंगाचा, कडांना खळ लावून चिकटवलेला. एका अंगाला उर्दूत काहीतरी छापलेलं, त्याखाली टाकाने लिहिलेल्या दोन ओळी, आणि पाठीवर तांबड्या लाखेचा नखाएवढा तुकडा अजून घट्ट धरून बसलेला. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरीही गूळ डब्यात भरल्यावर तो चुलीत घालायला हात धजेना. ओल्या फडक्याने पुसून मी तो खिडकीत वाळत ठेवला.

मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाल्याला तेव्हा वर्ष उलटलं नव्हतं. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून मी वाईहून आले होते. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या हकिकतीत एका माणसाने मनात जपलेली गोष्ट आहे आणि तिथे अजून त्याला ओळखणारे लोक आहेत. मी सोळाव्या वर्षी विधवा झालेली, पुढे वडिलांनी शिकवून पायावर उभी केलेली, पस्तिशीतली बाई. गावाने मला मान दिला. रस्त्याने निघाले की ओट्यावरचे लोक विड्या मागे लपवीत, बायका पदर सावरीत. पण त्या मानाभोवती मोकळं अंगण असावं तशी एक रिकामी जागा होती, आणि ती ओलांडून माझ्या खोलीपर्यंत कोणी येत नसे. शाळा सुटली, शेवटच्या मुलीची पावलं धुळीत विरली, की काळ्या रानांवरून येणारा वारा आणि मी, एवढीच दोघं उरत असू.

दुसऱ्या दिवशी मी वाण्याला विचारलं. तो तराजूतलं हळद-कुंकू झटकत म्हणाला, "चौकीतलं जुनं दफ्तर निघालं बाई. समदं उर्दूतलं. आता कारभार मराठीत चालायलाय, ते वाचणार कोण? आमच्याकडं रद्दी आली."

"त्यातले लिफाफे मला देता का?"

"घ्या की. पर कशाला? अर्ध्याला गूळ लागलाय."

कशाला, ते मलाही सांगता आलं नाही. पोलिसांची पाकिटं जमवणारी मास्तरीण, असं माझं नाव हळूहळू गावभर झालं. मोडक्या खडूपेटीत मी ती गावागावांप्रमाणे लावून ठेवू लागले. काही लिफाफे टपालाने आलेले, त्यांच्या तिकिटांवर डाक कचेरीचे शिक्के. सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड ही नावं मी शिक्क्यांच्या इंग्रजी अक्षरांवरून लावीत असे. काही लिफाफे चपराशाच्या हातून गावोगाव गेलेले आणि सही होऊन परतलेले; त्यांच्या कोपऱ्यात कुठल्या तरी पाटलाने मोडीत केलेली वळणदार, घाईची सही. प्रत्येक लिफाफ्यातून एकेकाळी कोणाच्या तरी दारी भीती गेली असेल, किंवा सुटका. आतला कागद कधीच निघून गेला होता आणि पोकळी तेवढी माझ्या हाती आली होती. त्या पोकळीला गाव जोडायचा मला छंद लागला. रविवारी मी एकटीच हिंडू लागले. करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाच्या राज्यातली जकातीची चौकी, आता कडबा ठेवायच्या कामी येत होती. जुन्या वेशीच्या कमानीत गवंडीमाशांनी घरं केली होती. गावाबाहेरच्या बारवेत उतरलं की पायऱ्यांच्या गारव्यात पारव्यांचा घुमणारा आवाज आणि शेवाळाचा कच्चा वास भरलेला असे, आणि वाटे, या गावाने आपल्याविषयी जे सांगायचं ते सगळं सांगून ठेवलं आहे, फक्त ते मला न येणाऱ्या लिपीत.

वाण्यानेच एक दिवस सांगितलं, "मुन्शीजीकडं जावा बाई. त्यातलं लय त्यांच्याच हातचं हाय."

गनी मुन्शी मशिदीमागच्या बोळात राहत. अंगाने काटकुळे, साठीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तीस वर्षं त्यांनी चौकीत अमीनसाहेबांच्या, म्हणजे फौजदाराच्या हाताखाली लेखनिकाचं काम केलं होतं. राज्य बदललं, मग दफ्तराची भाषा बदलली, आणि ज्यांचं अक्षर पाहायला अमीन लोकांना बोलावून दाखवीत असत, ते मुन्शी एका सकाळी निरक्षरांत जमा झाले. पत्नी वारली होती, मुलगी हैदराबादेला सासरी. मी चार लिफाफे त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवले. त्यांनी एक उचलला, डोळ्यांजवळ नेला. मग खिशातून धुवट रुमाल काढून लिफाफ्याच्या कडेला चिकटलेला गुळाचा डाग ते हळूहळू पुसू लागले, अगदी लहान मुलाचं तोंड पुसावं तसे.

"हे 'रे' अक्षर बघा, बाई," ते म्हणाले. "हे असं ओढायला मला दोन वर्षं लागली होती. उस्तादांनी बोटांवर पट्टी मारून शिकवलं."

त्यानंतर दर रविवारी चार वाजता मी त्यांच्या ओट्यावर जाऊ लागले. ओटा रस्त्यावर होता, दार उघडं असे, तरी गाव बोललंच. शाळेच्या कमिटीतल्या एका गृहस्थांनी मला सुचवून पाहिलं की उर्दूची आता गरज काय. मी म्हटलं, मला गरज आहे. पाटी घेऊन मी बसत असे आणि मुन्शी माझ्याच शाळेतल्या खडूने अक्षरं काढून देत. तिकिटावर आडवं छापलेलं 'सरकारी' हा मला वाचता आलेला पहिला शब्द. मग गावांची नावं आली, मग महिन्यांची, जे निजामाच्या फसली सालाचे होते आणि ज्यांच्या नावांना दूरच्या देशांचा वास होता: आजूर, बहमन, खुर्दाद, मेहेर. पावसाळा सरला, ज्वारी कमरेला आली, करडई पिवळी फुलू लागली, तोवर मी अडखळत का होईना, मुन्शींचं अक्षर वाचू लागले होते. आम्ही फार बोलत नसू. त्यांनी मला माझ्याविषयी कधी काही विचारलं नाही, आणि त्या न विचारण्यात मला जो विसावा मिळाला, तो त्याआधी वर्षानुवर्षं कुठे मिळाला नव्हता.

दुसऱ्या वर्षीच्या संक्रांतीला वाण्याने तिळाबरोबर लिफाफ्यांचा एक शेवटचा गठ्ठा दिला. त्यात दोन फाटक्या लिफाफ्यांच्या मध्ये एक बंद लिफाफा होता. लाखेची मोहोर अख्खी, एक चीरही न गेलेली. तो हातात घेताच आतल्या कागदाची घडी बोटांना जाणवली, आणि खरं सांगायचं तर मी सुरी घेण्यासाठी उठलेही होते. इतक्या महिन्यांत माझ्या हाती पहिल्यांदाच भरलेला लिफाफा आला होता. मग पत्ता वाचला, त्यात एका बाईचं नाव दिसलं, आणि मी खाली बसले.

मुन्शींनी पत्ता एकदा मनात वाचला, एकदा मोठ्याने. "बनाम धुरपताबाई, जौजे खंडू धनगर." बनाम म्हणजे नावे आणि जौजे म्हणजे बायको, हे मला तोवर कळत होतं. गाव चारठाण्याच्या पलीकडचं. कोपऱ्यात महिना होता, मेहेर.

"म्हणजे तुमचा श्रावण," ते म्हणाले. "पोलीस कारवाईच्या ऐन आधीचा. त्या महिन्यात चपराशी पळून गेला होता. मग चौकीला कुलूप लागलं. हे पोचलंच नाही, बाई."

"आत काय आहे, आठवतं?"

"असे रोज दहा लिहायचो."

"उघडून बघू या?"

त्यांनी लिफाफा ओट्यावर ठेवला आणि त्यावर आपला पंजा पसरला. "दुसऱ्याच्या नावाचं आहे. मी लिहिलं म्हणून माझं होत नाही."

मी म्हटलं, मग नेऊन देऊ. मी सहज बोलून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वाक्याने काय केलं ते मला पुढे उमगलं. भारताच्या फौजेने निजामाचं राज्य घेतलं त्या भादव्यानंतर, जेव्हा चहूकडे माणसं माणसांना भिऊन रानात लपली, कोणी इकडचे, कोणी तिकडचे मारले गेले, त्यानंतर हा माणूस साडेनऊ वर्षांत गावाच्या वेशीबाहेर गेलेला नव्हता. "कोण ओळखणार तुम्हाला?" मी विचारलं. ते म्हणाले, "मला नाही ओळखणार. माझी शेरवानी ओळखतील." पाच-सहा आठवडे त्यांनी टाळलं, आणि फाल्गुनातल्या एका रविवारी सकाळी मोटारीच्या अड्ड्यावर ते आले, ते पांढरा सदरा आणि पायजमा घालून. नेहमीच्या काळ्या शेरवानीवाचून ते एकदम उघडे, लहान दिसत होते. लिफाफा त्यांनी छातीशी, सदऱ्याच्या आत ठेवला होता.

चारठाण्याला आम्ही उतरलो. गावभर विखुरलेली जुनी देवळं फाल्गुनाच्या उन्हात स्वस्थ बसली होती. एका शिखराच्या सावलीत म्हशी रवंथ करीत होत्या. एरवी त्या दगडांपुढून माझा पाय निघाला नसता. त्या दिवशी मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि मुन्शींच्या मागून चालू लागले. पुढची वाट काळ्या रानातली. काढणी झालेल्या ज्वारीची धसकटं पायांना ओरबाडीत होती, बांधावर पळस पेटलेला होता, आणि लेंड्यांचा, लोकरीचा उबट वास दूरवरून येऊ लागला तेव्हा धनगरांची वस्ती जवळ आल्याचं कळलं. वाटेत भेटलेल्या प्रत्येक माणसाला मुन्शी आधीच हात जोडत होते.

धुरपताबाई वाड्याशी, म्हणजे मेंढरांच्या काटेरी कुंपणाशी, कोकराला पाजत बसली होती. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. कपाळ मोकळं होतं, हातांत बांगडी नव्हती. मी माझी ओळख सांगितली, मुन्शींचं नुसतं नाव सांगितलं, आणि ते एकदाचं म्हणाले, "बाई, तुमच्या नावाचा चौकीतला कागद आहे. फार जुना. पोचवायचा राहून गेला."

ती कोकरू खाली ठेवून उभी राहिली. "चौकीतला? माज्या वर्दीचा?"

मग तिने उभ्याउभ्याच सांगितलं. त्या वर्षी मिरगानंतर तिचा नवरा घोंगड्या विकायला गंगाखेडच्या बाजाराला गेला. आठ दिवसांत येतो म्हणाला. "पंधरा दीस वाट पाहिली. मंग पायी पायी चौकीला गेले, वर्दी दिली. तिथल्या मुन्शीनं लिहून घेतली, अन् म्हणला, कळलं की कळवू. लय भला माणूस व्हता. मला पाणी दिलं." मुन्शी खाली पाहत होते. "मंग ती दंगल झाली. कोन कुठं गेलं, कुनाला ठावं. तीन वर्सं मी कुकू लावलं. मंग दिरानं म्हणलं, आता किती वाट पाहायची. कनकीचा बाहुला करून त्यालाच अग्नी दिला. पर मला वाटायचं, बाहुल्याला जाळून कुठं मानूस मरत असतो का. सपनात येतो, तर पाय दुखायलेत म्हणतो."

तिने लिफाफा हातात घेतला, उलटा केला, लाखेवरून अंगठा फिरवला. मग तो मुन्शींपुढे धरला. "तुमीच वाचा. आमाला काय येतंय."

मोहोर फोडताना बारीक आवाज झाला. मुन्शींनी घडी उघडली. मी त्यांच्या उजव्या खांद्यामागे उभी होते. कागदावर सहा-सात ओळी होत्या, ऊन थेट त्यांच्यावर पडलं होतं. त्यांची नजर ओळींवरून एकदा शेवटपर्यंत गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि मग संथ, दफ्तरी आवाजात, उर्दूचं मराठी करीत ते वाचू लागले.

"धुरपताबाईस कळविण्यात येते की, तुझा नवरा खंडू हा गंगाखेड येथे नदीकाठच्या धर्मशाळेत तापाने मयत झाला. शेवटी त्याला त्रास झाला नाही. तेथील भल्या लोकांनी गंगेच्या काठी त्याला रीतीप्रमाणे अग्नी दिला."

मी कागदाकडे पाहत होते. मयत हा शब्द मला येत होता. पोलिसांच्या लिफाफ्यांवर तो मी कितीदा वाचला होता. मी तो पहिल्या ओळीत शोधला, दुसरीत शोधला. तो कुठेच नव्हता. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर मला न अडखळता वाचता आला असा एकच शब्द होता, तो म्हणजे 'जिंदा'.

"गंगंच्या काठी?" धुरपताबाईने विचारलं.

"हौ. गंगेच्या काठी."

"लाकडं व्हती?"

"होती. चांगली होती."

ती खाली बसली. डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून ती रडली, फार मोठ्याने नाही, बराच वेळ. वाड्यातली मेंढरं तिच्या आवाजाने एकदा दचकली आणि पुन्हा शांत झाली. मग पदर बाजूला करून ती म्हणाली, "मंग बरं झालं. पानी जवळ व्हतं." तिने आम्हाला शेळीचं दूध दिलं. मुन्शींनी ते दोन्ही हातांनी घेतलं. निघताना तिने कागद पुन्हा लिफाफ्यात घातला आणि तो माझ्याकडे दिला. "तुमी शिकलेल्या बाई. कवा गंगाखेडला गेलात तर ह्यो गंगंत सोडा. माजं जानं व्हईना."

परतीच्या वाटेवर ते पुढे चालत होते आणि मी मागून त्यांचे वाकलेले खांदे पाहत होते. मला राग आला होता का? आला होता. कागदावर जे असतं ते तसंच वाचायचं, हा माझ्या आयुष्यातला एकुलता एक धर्म होता, आणि ज्याने मला ती लिपी दिली त्यानेच माझ्या डोळ्यांदेखत तो मोडला होता. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी हलत होतं. समजा, त्या ओट्यावरून मी एकटीच इथे आले असते, आणि माझ्या स्वच्छ, निर्भीड मास्तरणीच्या आवाजात मी तो शब्द वाचला असता. तर आज धुरपताबाई कोणत्या वाटेने रडली असती?

उन्हाळ्याच्या सुट्टीत वाईला जाण्याआधी मी गंगाखेडला गेले. गोदावरी, तिकडच्या लोकांची गंगा, आटून पलीकडच्या थडीला गेली होती. वाळूत टरबुजांच्या वाड्या होत्या आणि सकाळच्या उन्हात ओल्या वाळूचा, वेलांचा हिरवा वास दरवळत होता. घाटाच्या पायरीवर बसून मी तो कागद पहिल्यांदा पूर्ण वाचला. एकेक अक्षर लावायला मला अर्धा तास लागला. खंडू धनगर धर्मशाळेत आजारी आहे. जिंदा आहे, शुद्धीवर आहे, आपलं गाव व बायकोचं नाव सांगतो. पायाने अधू झाल्याने चालू शकत नाही. घरच्यांनी विनाविलंब येऊन घेऊन जावे.

धर्मशाळेत झाडलोट करणारी एक म्हातारी होती. मी तिला विचारलं, दंगलीच्या साली इथे एक आजारी धनगर राहिला होता, आठवतो का. तिने केरसुणी टेकून माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी त्याच्या कोन?"

"त्याच्या गावाकडची."

"हाय की ध्यानात. त्या कोपऱ्यात पडलेला असायचा, घोंगडी पांघरून. पाय सुजून खांबावानी झालते. दसऱ्यापतुर व्हता. मी भाकर द्यायचे." तिने रस्त्याकडे बोट केलं. "रोज सकाळी इचारायचा, चिठ्ठी गेली का? मी म्हणायचे, गेली, येतीलच. रस्त्याकडं तोंड करून बसायचा. मेला तवाबी तसाच बसलेला. घाटावरच्या लोकांनी नेला मंग. इथंच जाळला, खाली."

मी तो कोपरा पाहिला. भिंतीला टेकणाऱ्या पाठीने गुळगुळीत झालेला, इतर भिंतीहून काळसर असा एक पट्टा तिथे होता. कदाचित खंडूचा, कदाचित नंतरच्या शेकडो वाटसरूंचा. मग मी पाण्याशी गेले. लिफाफा सोडताना माझ्यातली जमवाजमव करणारी बाई क्षणभर थबकली, हे लपवत नाही. तेवढा एकच अख्खा लिफाफा मला कधी मिळाला होता. कागद पाण्यावर सपाट पसरला, शाई निळसर सुटली, आणि उथळ प्रवाहाने तो वळणावरच्या खडकाआड नेला.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच रविवारी चारला मी ओट्यावर गेले. मुन्शींनी पाटी पुढे केली नाही. मीच म्हटलं, "गंगाखेडला जाऊन आले. धर्मशाळेत विचारलं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. चष्म्याच्या भिंगांमागचे त्यांचे डोळे मोठे आणि अगदी निराधार दिसत होते. चार महिने हा माणूस काय विचार करीत झोपत असेल, हे मला त्या नजरेत दिसलं: तो माणूस जगला असेल तर? बरा होऊन दुसरीकडे कुठे राहिला असेल, आणि आपण त्याच्या बायकोला आपल्या तोंडाने विधवा करून आलो असू तर?

"तुम्ही वाचलं ते बरोबर होतं," मी म्हणाले. "तापानेच गेला. गंगेच्या काठीच अग्नी दिला. लोकांनी सगळं रीतीने केलं."

"त्रास?"

"झाला नाही."

त्यांनी मान खाली घातली. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हाला त्या दिवशी वाचता येत होतं."

"थोडंथोडं."

"अल्ला तुमचं भलं करो." एवढं बोलून त्यांनी पाटी जवळ ओढली आणि नेहमीच्या वळणात एक नवा शब्द लिहायला घेतला. आम्ही दोघांनी त्यानंतर धुरपताबाईचं नाव कधी काढलं नाही. दोन वर्षं ते रविवारचं ओट्यावर बसणं चाललं; नंतर ते हैदराबादेला मुलीकडे गेले आणि तिकडेच वारले. दसऱ्यापर्यंत रोज सकाळी विचारला गेलेला तो प्रश्न मी त्यांना सांगितला नाही. तो मी कोणालाच सांगितला नव्हता. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

गंगाखेडला जाऊन आले त्याच वर्षी दिवाळीत वाईला गेले असताना एका सकाळी वडील अंगणात उन्हाला बसले होते. वय झालं होतं. पारिजातकाखाली सतरंजीवर बसल्याबसल्या ते डुलक्या घेत. त्यांच्याकडे बघताना मला एकाएकी खूप जुनी एक सकाळ दिसली. मी सोळा वर्षांची, हाताला मेंदीचा उतरलेला रंग, आणि सासरहून आलेलं कार्ड हातात धरून वडील याच अंगणात उभे. त्यांनी ते आधी मनात वाचलं होतं. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि आईला व मला मोठ्याने वाचून दाखवलं. अचानक गेले, झोपेतच गेले, शेवटी तुझं नाव घेतलं. ते कार्ड मी कधी पाहिलं नाही. मला वाचता येत होतं, घरात सगळ्यात चांगलं वाचता येत होतं, तरी मागितलं नाही, आणि एवढ्या वर्षांत ते मागावं असं मनातही आलं नव्हतं.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. माझ्या हालचालीने त्यांनी डोळे उघडले आणि काही विचारायचं आहे हे ओळखल्यासारखं म्हणाले, "काय गं?"

पारिजातकाची फुलं त्यांच्या धोतरावर पडली होती. ऊन अजून कोवळं होतं, आणि नदीवरून धुण्याचे आवाज येत होते.

"ऊन डोळ्यांवर येतंय का?" मी विचारलं, आणि सतरंजी थोडी सावलीत ओढून घेतली.